लोखंडी गाण्याचे रसिक

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ५ जुलै २०२५ रोजी जो जलसा झाला त्याची वार्ता आपल्याकडे बहुधा आतल्या पानावर एखाद्या छायाचित्रासह आली. पुढे सतरा दिवसांनी, २२ जुलैस, त्या जलशाचा नायक ऑझी ऑस्बॉर्न वयाच्या ७६ व्या वर्षी वारला, तेव्हा पुन्हा चार ओळी आल्या. त्यांतही १९८२ साली त्याने भर रंगमंचावर वटवाघळाचे डोके चावले, हेच जुने प्रकरण पुढे. पण त्या दिवशी चाळीस हजारांवर माणसे दुपारपासून रात्रीपर्यंत त्या मैदानात उभी होती. ती कोण होती, कशासाठी आली होती, एक आजारी म्हातारा ऐकावयास दोनशे पौंड मोजून का आली होती, याविषयी कोठे अवाक्षर वाचावयास मिळाले नाही. प्रस्तुत लेख त्या माणसांविषयी आहे.

हा विषय या पानावर कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्याचे कारण दूरचे नाही. दांडिया बाजारात काय, रावपुऱ्यात काय, ज्या घरांच्या दिवाणखान्यात अजून गवसणी घातलेला तंबोरा उभा आहे, त्याच घरांतला नातू छातीवर कवटीचे चित्र असलेला काळा सदरा घालून रात्रीच्या गाडीने मुंबईस निघतो. आजोबा विचारतात, 'कोठे रे?' तो म्हणतो, 'कॉन्सर्टला.' आजोबा गप्प बसतात, आणि दुसऱ्या दिवशी मजसारख्या गाणे शिकविणाऱ्याच्या वाटेत उभे राहून म्हणतात, 'मास्तर, आमच्या बाळ्याला जरा समजावा हो.' असे मला एकट्या गेल्या वर्षात तिघांनी सांगितले. त्या तिघांना रस्त्यात उभ्याने जे सांगता आले नाही ते येथे लिहितो.

प्रथम गाण्याविषयी, कारण ते 'गाणेच नव्हे' येथूनच तक्रारीस आरंभ होतो. हेवी मेटल म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याचा उगम बहुतेक जाणकार ब्लॅक सॅबथ या चौघांच्या संचात पाहतात: गायक ऑस्बॉर्न, गिटारवर टोनी आयोमी, खर्जाच्या गिटारवर गीझर बटलर आणि ढोलांवर बिल वॉर्ड. चौघेही बर्मिंगहॅमच्या कामकरी वस्तीतले. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करी. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली; राइनहार्टचीही दोन बोटे आगीत निकामी झालेली होती आणि उरलेल्यांवर तो जगप्रसिद्ध गिटारिया झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे लावले, हलक्या तारा चढविल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या तबकडीत काही गाण्यांसाठी त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरविल्या. आपल्या भाषेत, पांढरी तीनवरून काळी एकवर आणल्या. सैल तार दुखऱ्या बोटांस सोसते, आणि तिचा नाद जड, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा होतो. ज्या जडपणावरून पुढे हजारो संच निघाले, त्याच्या घडणीत एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांचा एवढा वाटा आहे.

दुसरी गोष्ट स्वरांची. १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडलेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीचे पहिले गाणे ऐका. त्याची मूळ चाल तीन स्वरांची: षड्ज, उडी मारून तार षड्ज, आणि तेथून उतरून तीव्र मध्यमावर थरथरता मुक्काम. पाश्चात्त्य कानास हे अंतर अस्वस्थ करते. तिकडे त्यास 'सैतानाचा स्वर' म्हणत आले. चर्चने तो वर्ज्य केला होता ही मात्र नुसती आख्यायिका. आपल्याकडे तीव्र मध्यम हा कातरवेळेचा स्वर. मारवा, पूरिया ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात सैतान दिसत नाही, हुरहूर ऐकू येते. आणि यांच्या गिटारवर एरवी जे स्वरसंघात वाजतात त्यांत बहुधा गंधार नसतोच; केवळ षड्ज आणि पंचम. कारण असे, की ध्वनिवर्धकातून आवाज मुद्दाम फाडला म्हणजे गंधार गढूळ होतो, पंचम तेवढा टिकून राहतो. सा आणि प, आणि त्यांच्यावर उठणारा उपस्वरांचा झोत. जवारी लावलेला तंबोरा याहून वेगळे काय करतो? बाळ्याच्या आजोबांना हे पटणार नाही हे मी जाणतो. तरी तंबोरा कानाशी घेऊन एकदा पाहावे.

पहिल्या तबकडीची तिकडच्या टीकाकारांनी टरच उडविली होती. सरकारने तिला उत्तेजन दिले नाही, धर्मगुरूंनी शिव्या दिल्या, आणि तरी ती इंग्लंडात पहिल्या दहांत गेली. कोणाच्या बळावर? हे गाणे ऐकण्यासाठी जे स्वतः उठून, पैसे भरून, गाडी पकडून जात, त्यांच्या. आमच्या घरी हा प्रश्न निराळ्या अर्थाने जिव्हाळ्याचा आहे, कारण वडील दरबारी चाकरीतले. बडोदे संस्थानात 'कलावंत कारखाना' हे स्वतंत्र खातेच होते. त्याला हजेरीचे, रजेचे, दंडाचे नियम होते. कलावंतास पोट भरण्याची चिंता नव्हती, हे त्या व्यवस्थेचे मोठेपण, आणि ते कमी लेखणारा मी नव्हे. परंतु वडील एक गोष्ट हसत सांगत. दरबारी बैठकीत गवयाने तान घेतली की मंडळी आधी महाराजांच्या मुद्रेकडे पाहत; ती मान हलली की मग सर्वांच्या माना हलत. श्रोता असा एकच. १९४९ साली संस्थान विलीन झाले. तो एक श्रोता गेला, आणि उरलेल्यांना स्वतःहून मान हलविण्याची सवय नव्हती.

व्हिला पार्कवरचा जलसा पाहिला तर तो आपल्या पुण्यतिथी-उत्सवाहून फारसा वेगळा नव्हता, हे ध्यानी येते. मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर, टूल, पँटेरा, अँथ्रॅक्स असे एकेक दिग्गज संच आले. प्रत्येकाने स्वतःची दोनचार गाणी वाजविली आणि एखाददुसरे गुरूचे. आपल्याकडे शिष्य जसे समाधीपुढे हजेरी लावतात, तशी ही हजेरी. एकाचा रंगमंच मांडलेला असताना मागे दुसऱ्याचा मांडता यावा म्हणून फिरता मंच केला होता. उत्पन्न पार्किन्सन रोगावरील कार्यास आणि मुलांच्या रुग्णालयास व शुश्रूषागृहास देणार होते. ऑस्बॉर्नला स्वतःला तोच कंपवाताचा रोग असल्याचे त्याने २०२० साली जाहीर केले होते. तो जेथे लहानाचा मोठा झाला ती गल्ली या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. शेवटी तो मंचाखालून काळ्या सिंहासनावर बसलेला वर आला. उठता येत नव्हते. आधी स्वतःची पाच गाणी म्हटली, मग मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र येऊन त्यांनी चार वाजविली. आवाज ठिकठिकाणी डळमळला. जेथे डळमळला तेथे चाळीस हजार गळ्यांनी तो उचलून धरला. वृद्ध गवयाच्या अखेरच्या बैठकीस ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना निराळे सांगावयास नको: तेथे माणूस आजचा आवाज ऐकत नाही, पन्नास वर्षांचा ऐकतो. ३० जुलैस त्याची अंत्ययात्रा शहरातून निघाली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या पुलाला या संचाचे नाव दिलेले आहे तेथे लोक फुले घेऊन उभे होते. त्यांत काळे सदरे घातलेले आजोबा होते आणि तसेच सदरे घातलेले नातू होते.

आता हे श्रोते जलशात करतात काय? येथेच गैरसमज फार. रंगमंचापुढे थोडी जागा मोकळी करून तरुण एकमेकांच्या अंगावर आदळत उड्या मारतात. यास 'मॉश पिट' म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास ती हाणामारी वाटते. जवळून पाहिले तर तिचे नियम दिसतात, आणि ते कोणी लिहून दिलेले नाहीत. पडला त्याला सर्वांत जवळच्याने तत्क्षणी उचलावयाचे. चष्मा, किल्ली, बूट सापडला तर हात उंच करून धरावयाचा. मालक येऊन घेतो. ज्याला नको तो कडेला उभा राहतो आणि त्याला कोणी ओढत नाही. कोपर उगारणारा असला तर बाकीचेच त्यास बाहेर काढतात. हे सर्व ठिकाणी पाळले जाते असे नाही; दारू फार झाली की नियम सुटतात, आणि मुलींना गर्दीत त्रास झाल्याच्या तक्रारी तिकडेही होतात. परंतु नियम आहेत, हे मात्र खरे.

याचाच दुसरा प्रकार 'सर्कल पिट'. गाण्याचा वेग वाढला की माणसे मोठे वर्तुळ करून धावू लागतात. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा जलशांच्या चित्रफिती तपासून २०१३ साली पदार्थविज्ञानाच्या एका मान्यवर नियतकालिकात निबंध छापला. मॉश पिटमधली माणसे वायूच्या कणांसारखी आदळतात आणि सर्कल पिट भोवऱ्यासारखा फिरतो, असे त्यांना गणिताने दिसले; आणि बहुतेक वर्तुळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, असेही. बडोद्याच्या माणसाला हे वाचून हसू यावे. नवरात्रात नऊ रात्री हजारो माणसे, मोठमोठ्या ध्वनिवर्धकांपुढे, वर्तुळात, घामाघूम होऊन, मध्यरात्रीपर्यंत दुसरे काय करीत असतात? गरब्याच्या मैदानावर नवख्याला आतल्या वर्तुळात कोणी घेत नाही, आणि चुकून शिरला तर ठेचकाळतो. पण ठेचकाळलेल्याला बाहेर सुखरूप पोचविणारे हातही तेथेच असतात. आपले वर्तुळ कोणत्या दिशेने फिरते ते वाचकांनी येत्या आश्विनात स्वतः पाहावे.

तर्जनी आणि करंगळी उभारून हात उंचावण्याची जी खूण हे लोक करतात, तीविषयी एका वाक्यात. ती सैतानाची मुद्रा नव्हे. ती लोकप्रिय करणारा गायक रॉनी जेम्स डिओ सांगत असे की, इटालियन वंशाची त्याची आजी दृष्ट लागू नये म्हणून ती खूण करी. आपल्या आजीने मीठमोहऱ्या ओवाळाव्या, तसेच ते.

श्रोत्यांनीच उभी केलेली जत्रा कशी असते याचा नमुना उत्तर जर्मनीत आहे. वाकेन नावाचे दोनएक हजार वस्तीचे खेडे. १९९० साली तेथल्या दोन तरुणांनी गावाबाहेर जलसा भरविला. आठशेच्या आसपास माणसे आली. आता दर उन्हाळ्यात पंच्याऐंशी हजार येतात, आणि तिकिटे बहुधा पुढल्या वर्षी कोण वाजविणार हे पुरते कळण्याआधीच संपतात. म्हणजे लोक कलावंताचे नाव पाहून नव्हे, जत्रा म्हणून येतात. उत्सवात गावच्या आगीच्या बंबवाल्यांचा पितळी वाद्यांचा बँड वाजतो, आणि काळे सदरेवाले बिअरचे पेले उंचावून त्याला तितकीच मनापासून दाद देतात. २०२३ साली इतका पाऊस झाला की शेते चिखल झाली. चालकांना वाटेतल्या हजारो लोकांना परत फिरा म्हणून सांगावे लागले. जे आधी पोचले होते ते गुडघाभर चिखलात चार दिवस राहिले. वारीतला चिखल तुडविलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. याच वाकेनला २०१९ साली दिल्लीचा ब्लडीवुड हा संच ढोल घेऊन गेला आणि हिंदी-पंजाबी शब्दांवर त्या लोकांना नाचवून आला. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या संचाने तर २०१७ साली दशावतारांवर पुरी तबकडी केली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत!

आपल्या देशातल्या श्रोत्याची कथा मात्र सोयीपेक्षा गैरसोयीची आहे. मुंबईस धोबी तलावाजवळच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा मेळा भरे. तो देशातल्या या रसिकांचे पंढरपूरच होता. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर शांतता-क्षेत्र ठरले, आणि रंगभवन नेमके त्यात सापडले. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या जागेऐवजी दुसरी जागा कोणी दिली नाही. पुढे मोठे संच येऊ लागले ते बंगळूरास, राजवाड्याच्या आवारात. म्हैसूरच्या वडियार राजघराण्याच्या त्या मैदानावर १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडनचा भारतातला पहिला जलसा झाला. त्यास मीही गेलो होतो. बडोद्याहून दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास. वर्गात न बसता गेलेले ईशान्येकडचे विद्यार्थी डब्यापाशी भेटले, केरळचे भेटले, कोणाची भाषा कोणास येत नव्हती. मला तेथे जे ऐकू आले ते अजून विसरलो नाही. या संचाच्या काही गाण्यांत गिटारची सुरावट अशी आहे की तिला शब्दच नाहीत. ती सुरावट, नुसत्या 'ओ-ओ'कारावर, ज्यांना आयुष्यात कोणी सरगम शिकविली नव्हती अशा हजारो मुलांनी स्वरात म्हटली. बरीचशी स्वरात. माझ्या वर्गात बारा मुले असतात आणि पंचम लागावयास महिना जातो.

चार वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०११ रोजी, गुडगाव येथे मेटॅलिका वाजविणार होते. दुपारपासून लोक उन्हात उभे. मंचापुढचा अडसर नीट नव्हता. उशीर होत गेला, आणि अखेर जलसा रहित झाल्याचे कळले. संतापलेल्या काहींनी मंचाची मोडतोड केली, आणि आयोजकांपैकी काहींना पोलिसांनी अटक केली. दुसऱ्या दिवशी सर्वत्र 'रॉकवाल्यांचा धिंगाणा' हाच सूर होता. परंतु अडसर कच्चा असताना जलसा सुरू न करणे हेच शहाणपणाचे होते. १९८८ साली इंग्लंडात डोनिंग्टनला एक लाखावर गर्दीत, गन्स अँड रोझेस वाजवीत असताना, चेंगराचेंगरीत दोन तरुण मेले. पुढल्या वर्षी जलसा भरलाच नाही, आणि १९९० साली भरला तो श्रोत्यांच्या संख्येवर मर्यादा घालून. गुडगावानंतर दोन दिवसांनी तोच संच बंगळूरास वाजवून गेला आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. श्रोते दोन्हीकडे एकाच जातीचे. फरक होता तो दोरी, खांब, पाणी आणि वेळेवर मिळणाऱ्या खबरेचा.

सध्या या सर्व प्रकाराकडे सरकारचे लक्ष गेले आहे, पण निराळ्या बाजूने. जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादेस कोल्डप्लेचे दोन जलसे झाले. ते हेवी मेटल नव्हे, फार सौम्य गाणे. पण त्यानंतर लगेच पंतप्रधानांनी भुवनेश्वर येथील भाषणात जलशांच्या अर्थकारणाचा उल्लेख केला आणि अशा कार्यक्रमांसाठी सोयी उभ्या कराव्या असे राज्यांना सुचविले. ठीक आहे. मैदाने होतील, गाड्या सुटतील, खाणावळी चालतील. १७ मे २०२५ रोजी गन्स अँड रोझेस मुंबईस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पुन्हा वाजवून गेले, त्यापूर्वी ते आले होते २०१२ च्या डिसेंबरात. तेव्हाच्या मानाने आता व्यवस्था बरी आहे, हे मुलेही सांगतात. पण अर्थकारणाच्या डोळ्याने पाहिले की श्रोत्याची किंमत तिकिटाएवढीच उरते, आणि तेथे माझा या नव्या उत्साहाशी मतभेद आहे.

मंचापुढची जागा पहा. पूर्वी तेथे तो उभा राही जो पहाटेपासून दाराशी थांबला. आता तेथे दोरी लावून, अधिक पैसे घेऊन, 'फॅन पिट' नावाने ती विकतात; तिच्या बाजूस उंच ओटा, त्यावर सोफे, खाणेपिणे. पाहुण्यांना, कंपन्यांच्या मंडळींना तेथे बसवितात. त्यांतल्या पुष्कळांना गाणे ठाऊक नसते. गायक पुढे पाहतो तर हातात पेले घेऊन गप्पा मारणारे लोक. आणि ज्याला प्रत्येक ओळ पाठ आहे तो दीडशे हात मागे, पडद्यावर पाहत. असे झाले की मंचावरचा माणूसही थंड होतो. कोणीही गवई हे सांगेल. आपल्या संगीतसभांत काय होते? पहिल्या दोन रांगांत प्रमुख पाहुण्यांचे सोफे. मध्यंतराला पाहुणे जातात, आणि उरलेला विलंबित ख्याल गवई रिकाम्या सोफ्यांना उद्देशून गातो. मागच्या खुर्च्यांवरचे, ज्यांना खरोखर ऐकावयाचे आहे, ते उठून पुढे येत नाहीत, कारण सोफा 'राखीव' आहे. महाराजांची मुद्रा गेली आणि तिच्या जागी हा सोफा आला. त्यातून आपल्याकडे पास फुकट. मेटलवाला निदान पदरचे मोजून येतो, आणि पदरचे मोजलेला श्रोता गाणे आवडले नाही तर ते बोलूनही दाखवितो.

दुसरा प्रश्न हातातल्या फोनचा. सगळे गाणे फोनवर टिपीत उभे राहणाऱ्याचा हात वर गुंतलेला, डोळा पडद्यावर. तो ना उडी मारतो, ना टाळी देतो. आयर्न मेडनने २०२५ च्या दौऱ्याआधी, फोन खिशात ठेवा अशी रसिकांना विनंती केली. स्वीडनच्या घोस्ट या संचाने त्याच वर्षीच्या दौऱ्यात फोन दाराशीच पिशव्यांत बंद करविले. पिशवी ज्याची त्याच्याजवळ, पण कुलूप बाहेर पडल्यावर उघडावयाचे. सक्ती मला सहसा रुचत नाही. हीविषयी मात्र माझी तक्रार नाही, आणि आपल्या एखाद्या मंडळाने दिवाळी पहाटेस ती करून पाहिली तर मी पिशव्या शिवून देईन.

राहिला आवाज. येथे आजोबांची तक्रार खरी आहे आणि नातवाची बाजू लंगडी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास सोसवतो असे मानतात; दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे शंभराला पाव तास. जलसा असतो दोनतीन तासांचा, आणि आवाज शंभराच्या वरच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जलशांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने शंभर डेसिबलची मर्यादा सुचविली, आणि कानांची बुचे व शांत कोपरा ठेवावा असे सांगितले. आपल्याकडे शांत कोपरा मी पाहिलेला नाही. ए.सी./डी.सी. या संचाचा गायक ब्रायन जॉन्सन याला बहिरेपणाच्या भीतीने २०१६ साली दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. गेलेला कान परत येत नाही. ज्या मुलाला उद्या माझ्याकडे बसून श्रुती ओळखावयाच्या आहेत त्याला तर मी हे दटावून सांगतो. अर्थात हेच दटावणे गरब्याच्या मैदानावरही लागू आहे. दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपावेतो शिथिल करण्याची मुभा राज्यास आहे, आणि ती आपण आनंदाने वापरतो.

तेव्हा ज्या घरचा मुलगा निघाला असेल तेथे भांडण न करता इतके पाहावे. कानांत कापसाचे बोळे कामाचे नाहीत. औषधांच्या दुकानात रबरी किंवा फोमची बुचे थोडक्या पैशांत मिळतात, ती दोन जोड द्यावी, एक हरवतोच. बूट बंद असावेत. चष्मा असेल तर मागून दोरी. दुपारी भरपेट जेवून निघावे, कारण आत गेल्यावर बाहेर येता येत नाही आणि पाणी महाग असते. परतीची गाडी पहाटेची ठरवावी, रात्रीची नको, कारण मैदान रिकामे होण्यासच दोन तास लागतात. आणि आजोबांना उत्सुकता असेल तर त्यांनी तो घरी आल्यावर 'काय ऐकलेस?' असे विचारून पाहावे. घसा बसलेला असेल. दोन दिवस थांबावे लागेल.